कोरड्या नदीकाठी मुक्काम : लुणीने घेतलेला हायड्रॉलॉजीचा तास

नदी कशाला म्हणायचं? प्रश्न अगदी बालवाडीतला वाटतो ना? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या ज्योग्राफीच्या पुस्तकात नदी म्हणजे नकाशावरची निळी रेघ असायची. डोंगरात उगम पावते, शेतांना पाणी देते, समुद्राला मिळते, फुलस्टॉप. सिव्हिलला आल्यावर त्या निळ्या रेघेचं 'ओपन चॅनल' झालं, तिला स्लोप आला, व्हेलॉसिटी आली. पण पाणी आहे हे मात्र दोन्हीकडे गृहीतच होतं.

आपल्याच देशात एक नदी अशी आहे, जी वर्षातले बहुतेक महिने वाहतच नाही. ती समुद्राला मिळत नाही. आणि वरच्या भागात गोडं असलेलं तिचं पाणी पुढे जाता जाता खारट होतं. तिचं नाव लुणी. जानेवारीत २६ तारखेला जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही पाच जणांनी तिच्या काठी दोन रात्री तंबू ठोकून मुक्काम केला. 'आम्ही गेलो, खूप मज्जा आली' असं प्रवासवर्णन लिहायचा माझा विचार नाही (मज्जा आलीच, ते सोडा!). वाळवंटातली नदी चालते कशी, तिच्या काठी झोपायचं कुठे आणि पाणी प्यायचं कुठलं, एवढं तीन गोष्टींत सांगायचा प्रयत्न करते. ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल आणि आमच्या ब्रँचवाल्यांना तर परीक्षेतसुद्धा!

आधी ओळख करून घेऊ

लुणीचा उगम राजस्थानात, अजमेरजवळच्या अरवली डोंगरात. सुरुवातीला तिला सागरमती म्हणतात. गोविंदगढजवळ सरस्वती नावाचा प्रवाह येऊन मिळाला की मग ती लुणी होते. तिथून नैऋत्येला वाळवंटाच्या कडेकडेने साधारण ४९५ किलोमीटर जाऊन ती कच्छच्या रणात जिरते. बांडी, सुकडी, जवाई वगैरे तिच्या उपनद्या अरवलीतून येतात, आणि जोजरी जोधपूरच्या बाजूने.

नावातच सगळं आहे. 'लवण' म्हणजे मीठ, त्यावरून लुणी. आपल्या 'लोणचं' या शब्दातही तेच लवण आहे. बालोतरा गावापर्यंत तिचं पाणी बऱ्यापैकी गोडं आणि तिथून पुढे खारट, असं म्हणतात. कारण कळायला सोपं आहे. पाणी वाहताना जमिनीतले क्षार विरघळवून बरोबर नेतं. वरून ऊन पाण्याची वाफ करतं, पण मिठाची वाफ होत नाही. म्हणजे पाणी कमी कमी होत जातं आणि मीठ तेवढंच राहतं. त्यात त्या भागातली जमीनच मुळात खारी. बालोतऱ्याजवळचं पचपदरा तर मिठासाठीच प्रसिद्ध आहे.

पावसाचं म्हणाल तर खोऱ्याच्या अरवलीकडच्या टोकाला वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि पश्चिमेकडे तो ३०० च्याही खाली जातो. तोही जवळजवळ सगळा जुलै ते सप्टेंबर. बाकी वर्षभर पात्रात वाळू, मध्येच एखादं डबकं आणि शेळ्या-मेंढ्या.

पाच जण, साठ लिटर पाणी

आमच्यातला एक मित्र जोधपूरचा. त्याच्या काकांची शेती बालोतऱ्याच्या पुढे, तिलवाड्याच्या बाजूला नदीकाठी आहे. शेतातल्या चार-दोन घरांच्या वस्तीला तिकडे 'ढाणी' म्हणतात. गुरुवारी रात्री पुण्याहून निघालो, शुक्रवारी जोधपूरला त्याच्या घरी टेकलो आणि शनिवारी दुपारी ढाणीवर पोचलो. मोबाईलची रेंज एका खेजडीच्या झाडाखालीच यायची, ती पण तिच्या मूडप्रमाणे.

काकांना तिकडे आदराने 'काकोसा' म्हणतात, म्हणून आम्हीही काकोसाच म्हणायला लागलो. त्यांनी आमच्या सामानाकडे एक नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती आणलंत?"

आम्ही हिशोब करून गेलो होतो. हिवाळ्यात पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ५ लिटर. पाच माणसं, दोन दिवस, म्हणजे ५० लिटर. शिवाय १० लिटर राखीव. वीस लिटरचे तीन कॅन! काकोसांनी मान डोलावली. पहिल्या परीक्षेत पास.

तंबू कुठे लावायचा?

दुसरी परीक्षा लगेचच होती. नदीचं पात्र समोर पसरलेलं. चांगलं रुंद, सपाट, मऊ वाळू, एक काटा नाही. काठावर मात्र ढेकळं, विलायती बाभळीचे काटे आणि उंचसखल जमीन. आमच्यातले दोघं सरळ पात्राच्या मध्यावर जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "अरे, इथेच लावू या! एकदम अलिबागचा बीच!"

काकोसा शांतपणे म्हणाले, "बेटा, रात्री पाणी आलं तर कुठल्या बाजूला पळाल?"

"पण काकोसा, जानेवारीत पाणी कुठून येणार?"

"मावठ आली तर?"

आणि इथे मला एक गंमत सापडली. उत्तर भारतात हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांमुळे थोडाफार पाऊस पडतो, त्याला मारवाडात 'मावठ' म्हणतात. आपल्याकडे शेतकरी हिवाळ्यातल्या अवेळी पावसाला 'मावठा' म्हणतात. हजार किलोमीटर लांब, भाषा वेगळी, पण शब्द जुळ्या भावासारखा!

मावठीने नदीला मोठा पूर येणं अवघड, हे काकोसांनाही माहीत होतं. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. हिवाळ्यात पात्रात झोपायची सवय लागली की माणूस पावसाळ्यातही तिथेच झोपतो. सवय सुट्टीवर जात नाही. शेवटी पात्रापासून लांब, दोन-अडीच पुरुष उंचीच्या काठावर, खेजडीपासून थोडं बाजूला तंबू लागले. काटे वेचायला पाऊण तास गेला, तो गेला.

वाळूत पूर येतोच कसा?

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणाल, वाळू तर पाणी पिऊन टाकते. मग वाळवंटात पूर कसा येईल?

घरी एक प्रयोग करून बघा. परातीत कोरड्या पिठाचा ढीग करा आणि त्यावर तांब्याने भसकन पाणी ओता. पाणी आत जायच्या आधी बाजूने ओघळून परातीच्या कडेला जमतं. तेच पाणी थेंब थेंब टाकलं तर पीठ सगळं पिऊन घेतं. जमिनीचंही तसंच आहे. प्रत्येक जमिनीचा पाणी मुरवण्याचा एक वेग असतो. पाऊस त्याहून जोरात पडला की जास्तीचं पाणी वरून पळायला लागतं. जमीन तहानलेली आहे की नाही याचा प्रश्नच येत नाही. ती किती वेगाने पिऊ शकते एवढाच प्रश्न असतो. वाळवंटात गवत-झाडोरा कमी, त्यामुळे थेंब सरळ मातीवर आपटतात, बारीक कण भोकांत बसतात आणि वर एक पातळ पापुद्रा तयार होतो. मग मुरणं आणखी कमी. आणि लुणीच्या उपनद्यांचं पाणलोट क्षेत्र तर अरवलीच्या खडकात आहे, तिथे मुरायला जागाच नाही.

जरा आकडे घालून बघू. सेकंड इयरला आपण रॅशनल फॉर्म्युला शिकतो :

क्यू = (सी × आय × ए) ÷ ३६०

इथे 'ए' म्हणजे पाणलोट क्षेत्र हेक्टरमध्ये, 'आय' म्हणजे पावसाचा जोर तासाला मिलिमीटरमध्ये, 'सी' म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा, आणि 'क्यू' येतो घनमीटर प्रति सेकंद.

एक छोटासा ओढा घ्या. क्षेत्र १० चौरस किलोमीटर, म्हणजे १,००० हेक्टर. पाऊस तासाला ३० मिमी. सी धरू ०.३, म्हणजे सत्तर टक्के पाणी मुरलं असं उदार मनाने मानू. उत्तर येतं २५ घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे २५,००० लिटर. आपल्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे अडीच टँकर, दर सेकंदाला! आणि हा एकच ओढा. (ही पद्धत छोट्या क्षेत्रालाच चालते, अख्ख्या लुणीला लावू नका, नाहीतर सर मार्क कापतील.)

आता वेळेचं गणित. पुराच्या पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तर ताशी ७.२ किलोमीटर होतो. तुमच्यापासून ३० किलोमीटर वर रात्री ९ वाजता ढग फुटला. तुमच्या डोक्यावर चांदणं आहे, एक थेंब नाही. गप्पा मारून तुम्ही १२ ला झोपता. पाणी येतं १ च्या सुमाराला. हीच वाळवंटी नदीची सगळ्यात धोक्याची गोष्ट : पाऊस एकीकडे आणि पूर दुसरीकडे.

वाटेत कोरडी वाळू पाणी पिते, त्यामुळे पुढे जाता जाता पूर बारीक होतो, हेही खरं. याला हायड्रॉलॉजीत 'ट्रान्समिशन लॉस' म्हणतात. कित्येक वेळा पूर रणापर्यंत पोचतही नाही. पण त्या भरवशावर झोपायचं का? गुडघ्याच्याही खाली असलेलं, १५ सेंटिमीटर खोल पाणीसुद्धा जोरात असेल तर माणसाला पाडतं, आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. तंबूचं तर नावच नको.

लुणी खरंच अशी येते का? येते. १९७९ च्या जुलैत तिच्या खोऱ्यात आलेला महापूर जुने लोक अजून सांगतात. बिलाडाजवळ लुणीवरच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं जसवंत सागर हे मातीचं धरण आहे. ते २००७ च्या पावसाळ्यात फुटलं. तहानलेल्या प्रदेशातलं धरण पावसाळ्यात फुटावं, यातच सगळं आलं.

काठ वाचायच्या पाच खुणा

दुसऱ्या दिवशी सकाळी काकोसांनी आम्हाला पात्रात फिरवलं. ते स्वतः शाळेत फार शिकलेले नाहीत, पण त्यांनी दोन तासांत जे दाखवलं ते मी वहीत असं उतरवलंय :

१. झाडांत अडकलेला कचरा. काठावरच्या झुडपांच्या फांद्यांत काटक्या, गवत, प्लॅस्टिक अडकलेलं दिसलं की मान वर करून उंची बघा. तिथपर्यंत पाणी आलं होतं. तंबू त्याच्या वर पाहिजे.

२. दरडीवरची रेघ. काठाच्या उभ्या मातीवर बारीक गाळाची आडवी रेघ असते, बाथरूममधल्या बादलीला असते तशी. ती शेवटच्या मोठ्या पुराची सही.

३. दगडांचा आकार. बारीक वाळू हळू पाणी टाकतं, गोटे आणायला जोर लागतो. जिथे मुठीएवढे गोटे पडलेत तिथून पाणी जोरात गेलंय.

४. भेगाळलेला चिखल. पापडासारख्या वर वळलेल्या चिखलाच्या खपल्या दिसल्या तर तिथे पाणी बरेच दिवस साचलेलं होतं. जागा खोलगट आहे, हे समजायचं.

५. वळणाची बाहेरची बाजू. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला पाण्याचा मार बसतो आणि तो खालून पोखरला जातो. वरून भक्कम दिसतो, पण कडेला तंबू लावू नये.

सहावी खूण मी माझ्याकडून घालते : पळायची वाट. तंबू लावायच्या आधी सगळ्यांनी एकदा उंचावर जायची वाट चालून बघायची, अंधारात बॅटरीशिवाय सापडेल अशी. पाच मिनिटांचं काम आहे.

मग पात्रात कधी जायचंच नाही का? तसंही नाही. तिलवाड्याला दर चैत्रात मल्लीनाथांचा मोठा पशुमेळा भरतो, तो चक्क लुणीच्या पात्रात! बैल, उंट, घोडे, तंबू, दुकानं, सगळं वाळूवर. शेकडो वर्षांची परंपरा आहे. पण तो भरतो चैत्रात, पाऊस यायच्या कितीतरी आधी, आणि संपला की पात्र रिकामं. त्या लोकांनी नदीची जागा उधार घेतली, वेळेवर परत केली. मला हे फार आवडलं.

पाणी : तीन प्रकारचं

आम्ही पात्रात एक खड्डा खणून पाहिला. वरची वाळू कोरडी ठणठणीत, पण हातभर खाली ओली लागली आणि आणखी थोडं खाली गेल्यावर हळूहळू पाणी झिरपायला लागलं. म्हणजे नदी वाहत नाही असं आपण म्हणतो तेव्हा ती फक्त वरून वाहत नाही. आमच्याकडे पेनसारखा टीडीएस मीटर होता. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणी मिळतच नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असं आपलं भारतीय मानक सांगतं. खड्ड्यातलं पाणी त्याच्या कितीतरी पुढे गेलं.

एक जण म्हणाला, "उकळून घेऊ ना यार." इथे नीट लक्ष द्या, कारण ही समजूत खूप जणांची असते. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन मिठाचं प्रमाण वाढतं! शिवाय पाली, जोधपूर, बालोतरा या गावांत कापडाला रंग देण्याचे कारखाने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याने बांडी, जोजरी आणि लुणी खराब झाल्याचा प्रश्न अनेक वर्षं कोर्टात गाजतोय. रंग आणि रसायनंही उकळून जात नाहीत. म्हणून अशा नदीकाठी नियम एकच : पिण्याचं पाणी बरोबर न्यायचं.

मग तिथली माणसं काय पितात? मारवाडात पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचं सरळ धरलेलं ते 'पालर' पाणी, खोल विहिरीतलं ते 'पाताळ' पाणी आणि या दोघांच्या मधलं ते 'रेजाणी' पाणी. हे तिसरं सगळ्यात हुशारीचं. वाळवंटात काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा किंवा खडूसारख्या मातीचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूतून मुरतं, पण हा थर त्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. ओलावा वरच अडकून राहतो. लोक तिथे अरुंद तोंडाची 'कुंई' किंवा 'बेरी' खणतात, आणि तो ओलावा थेंब थेंब आत गोळा होतो. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' या हिंदी पुस्तकात याची सुंदर माहिती आहे. आपल्या लायब्ररीने ते जरूर घ्यावं.

रात्र

रात्री थंडी इतकी का वाजते, याचं उत्तरही पात्रातच मिळालं. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू उष्णता भराभर वर फेकून देते. गार हवा जड असते, ती पाण्यासारखीच उताराने खाली वाहते आणि पात्रात जाऊन साठते. आम्ही रात्री दहाला मुद्दाम काठावरून खाली उतरलो, तर दहा पावलांत फरक कळला. म्हणजे पूर नसला तरी काठच बरा!

सरपणाची एक शिस्त काकोसांनी घालून दिली. विलायती बाभळीच्या पडलेल्या काटक्या हव्या तेवढ्या घ्या, खेजडीला हात लावायचा नाही. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. जोधपूरजवळ खेजडली गावात १७३० साली ही झाडं तोडू नयेत म्हणून ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. हे ऐकल्यावर कोण हात लावणार? बूट मात्र सकाळी झटकून घालायचे. विंचू आणि आपलं ओळखीचं फुरसं त्या भागात भरपूर. थंडीत ते कमी फिरतात, तरी झटकायचेच.

आणि आकाश! मृग, त्याच्या मागे व्याध, खाली दक्षिणेला अगस्ती. हात ताठ केला की मूठ साधारण १० अंश मोजते. ध्रुवतारा क्षितिजापासून अडीच मुठींच्या थोडा वर भरला, कारण तिथला अक्षांश जवळजवळ २६ आहे. पुण्यात तो दोन मुठींच्याही आत असतो. जीपीएसशिवाय आपण कुठे आहोत ते कळलं, याचा आनंद काही वेगळाच.

कवास, आणि सरासरीचा घोटाळा

रविवारी रात्री शेकोटीशी बसलो असताना काकोसांनी कवासची गोष्ट सांगितली. बारमेर आणि बालोतऱ्याच्या मधलं हे गाव. ऑगस्ट २००६ मध्ये त्या भागात काही दिवसांतच वर्षभराच्या सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडला. रोहिली नावाची नदी, जिला पाणी येतं हे नवी पिढी विसरून गेली होती, ती वाहायला लागली. कवास आणि शेजारचं मलवा ही गावं बुडाली. माणसं गेली, गुरं तर मोजता आली नाहीत. आणि पाऊस थांबल्यावरही पाणी हटेना. कित्येक आठवडे गाव तळ्यात उभं होतं. कारण? जमिनीखालचा तोच जिप्समचा थर! ज्याच्यामुळे कुंईत गोडं पाणी टिकतं, त्यानेच पुराचं पाणी मुरू दिलं नाही.

हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतो. वर्गात आपण जमिनीचा थर म्हणजे एक ओळ म्हणून शिकतो : 'इम्पर्मिएबल लेयर, सी फिगर'. तो चांगला की वाईट? दोन्ही. घर कुठे बांधलं आणि पाणी किती आलं यावर ठरतं.

बारमेरचा वर्षाचा सरासरी पाऊस पावणेतीनशे मिमीच्या आसपास. आता समजा (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत) एखाद्या गावात तीन वर्षं १०० मिमी पडला आणि चौथ्या वर्षी ८००. सरासरी किती? २७५. पण २७५ मिमी पाऊस त्या गावाने कधी पाहिलाच नाही! तीन वर्षं दुष्काळ आणि एक वर्ष महापूर. सरासरी धरून विहीर बांधली तर कोरडी, आणि सरासरी धरून पूल बांधला तर वाहून गेला. म्हणून तर आपल्याला पन्नास वर्षांतला पूर, शंभर वर्षांतला पूर असं शिकवतात. तो धडा मी पाठ केला होता. कवास ऐकल्यावर तो समजला.

आणि हे फक्त वाळवंटातलं नाही हं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, आणि जिला सगळे नाला म्हणायचे ती मिठी नदी आहे हे शहराला आठवलं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण पाणी अचानक वाढल्यामुळे वाहून गेले. आपल्या कॉलेजमधले निम्मे लोक तरी दर पावसाळ्यात तिथे किंवा तसल्याच एखाद्या ओढ्यात उभे राहून फोटो काढतात. त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र किती, वर ढग आहेत का, पळायची वाट कुठली, हे कोण बघतं?

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठेही मुक्कामाला जाल, लुणीकाठी किंवा सह्याद्रीत, तेव्हा सॅक खाली ठेवायच्या आधी एवढं करा. झुडपांत अडकलेला कचरा शोधा आणि त्याच्या वर झोपा. वरच्या बाजूचं आकाश बघा, आपल्या डोक्यावरचं पुरेसं नाही. पिण्याचं पाणी मोजून न्या. आणि त्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "पाणी जास्तीत जास्त कुठपर्यंत आलं होतं?" सरासरी विचारू नका, जास्तीत जास्त विचारा. आपण उद्या जे पूल आणि जी घरं बांधणार आहोत, त्यांच्या ड्रॉइंगवर सही करतानाही हाच प्रश्न विचारायचाय.